गाडी देवाच्या दारात नेलीत, पायवाट कुठे नेलीत?

प्रति,
सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या देवांच्या यात्रा ज्यांच्या सहीशिक्क्याने पार पडतात ते सर्व अधिकारी, विश्वस्त, यात्रा समित्या आणि लोकप्रतिनिधी यांस

विषय: डोंगरी देवस्थानांच्या जुन्या पायवाटा बंद न करणे व बंद केलेल्या पुढील यात्रेपूर्वी खुल्या करणेबाबत

स. न. वि. वि.

विषयाची ओळ मुद्दाम सरकारी पद्धतीने लिहिली आहे, आवक-जावकच्या रजिस्टरला त्रास नको. याच विषयाचा साधा अर्ज मी आधी दिलेला आहे. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

मी निवृत्त आरोग्य सेविका. कोरेगाव तालुक्यात राहते. नोकरीच्या काळात दर यात्रेला कुठल्या ना कुठल्या डोंगरावर प्रथमोपचाराच्या तंबूत माझी ड्यूटी लागायची आणि निवृत्तीनंतर आमच्या गावच्या डोंगरावर मी आपणहून बसते. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, ओआरएसची पाकिटं, पट्ट्या, आयोडीन आणि एक सतरंजी एवढं सामान. देवाचं दर्शन शेवटी होतं, कधी होतही नाही. पण यात्रेला येणाऱ्या माणसाचे पाय, श्वास आणि नाडी मी जेवढी पाहिली आहे तेवढी नियोजनाच्या बैठकीला बसणाऱ्या फार थोड्यांनी पाहिली असेल. त्या अधिकाराने लिहिते.

झालं ते असं. आमच्या डोंगरावर देवळापर्यंत गाडीरस्ता होताच, तो गेल्या वर्षी रुंद केला. कड्याच्या अंगाने खोदकाम झालं आणि निघालेला मुरूम-दगड जेसीबीने सरळ खालच्या बाजूला लोटला. खालच्या बाजूला जुनी पायवाट होती. घडीव दगडाच्या पायऱ्या, मध्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, टाक्याशेजारी पिंपळ. सगळं त्या मुरमाखाली गेलं. पिंपळाचा वरचा निम्मा भाग तेवढा दिसतो. मग खाली, जिथून पहिली पायरी सुरू व्हायची तिथे, लोखंडी फाटक लागलं, त्याला कुलूप लागलं आणि पत्र्याची पाटी लागली: ‘पायी मार्ग बंद. भाविकांनी डांबरी रस्त्याने जावे.’ कुणाला विचारलं? ग्रामसभेत विषय निघाल्याचं मला तरी आठवत नाही, आणि मी ग्रामसभा चुकवत नाही.

त्या पायऱ्यांपैकी दोन आमच्या आजेसासऱ्यांनी नवस फेडायला घातलेल्या. नाव कोरलेलं होतं, पाय पडून पडून पुसट झालेलं. अशा पायऱ्या आमच्या एकट्या घराच्या नाहीत. गावातल्या निम्म्या घरांची एखादी तरी पायरी तिथे आहे. कुणाच्या घरी पाळणा हलला म्हणून, कुणाची जमीन कोर्टातून सुटली म्हणून, कुणी मुंबईच्या गिरणीत पहिला पगार घेतला म्हणून. देवस्थानाच्या दप्तरात या देणग्यांची नोंद सापडणार नाही, कारण ती दगडावर होती.

डोंगराचं नाव मी लिहिलेलं नाही, आणि कुठल्या खात्याने मुरूम टाकला तेही लिहीत नाही. नाव लिहिलं की ‘तो त्या गावचा अंतर्गत वाद आहे’ म्हणून कागद त्या गावाच्या फायलीत जाऊन झोपतो, हा अनुभव आहे. शिवाय हे आमच्या एका डोंगराचं दुखणं नाही. जिथे जिथे वर गाडी गेली, तिथे तिथे पायवाटेकडे पाठ फिरली. कुठे ती मुजली, कुठे घाणेरीत गडप झाली, तर कुठे तिच्यावर दुकानांचे ओटे आले.

आधीच सांगते, गाडीरस्त्याला माझा विरोध नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेल्यावर त्यांना डोंगरावरचा देव पुन्हा दिसला तो रस्ता झाल्यामुळेच. बाळंतीण, म्हातारं माणूस, काठीवर चालणारं माणूस, यांना देव लांब ठेवणारा धर्म मला मान्य नाही. औंधला यमाईच्या डोंगरावर गाडी जाते आणि पायऱ्याही आहेत. ज्याला जसं झेपेल तसं त्याने जावं, वाटेत संग्रहालयही पाहावं. सज्जनगडाला गाडी बरीच वरपर्यंत जाते, उरतात त्या पायऱ्या माणूस दम खात, समर्थांचं नाव घेत चढतो. जरंडेश्वरच्या मारुतीला आजही पाय चालवूनच जावं लागतं आणि श्रावणातल्या शनिवारी लोक जातातच. तिन्ही तऱ्हा चालतात. दुसरी वाट मारून एकच ठेवायची, ही चौथी तऱ्हा मात्र चालायची नाही.

का चालायची नाही, हे मला श्रद्धेच्या अंगाने नंतर सांगायचं आहे. आधी जिवाच्या अंगाने सांगते.

25 जानेवारी 2005. मंगळवार, पौष पौर्णिमा. मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं गेली. या जिल्ह्यात ज्याला ती तारीख आठवत नाही त्याने यात्रेच्या नियोजनाच्या खुर्चीत बसूच नये. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते, पण त्यानंतर आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात मांढरदेव यायचंच. काय झालं होतं? अरुंद, उताराची वाट, दोन्ही अंगाला दुकानं. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायाखाली निसरडं झालेलं. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर समोरासमोर. एक घसरला, त्याच्यावर दुसरा. पुढे दुकानांना आग लागली आणि सिलिंडर फुटले. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. मांढरदेवला नंतर पशुहत्येवर बंदी आली, यात्रेला मोठा बंदोबस्त लागू लागला. ते चांगलंच झालं. पण धडा मांढरदेवपुरता शिकला गेला, असं मला वाटतं. बाकीच्या डोंगरांवर आपण तीच मांडणी पुन्हा उभी करतो आहोत: एकच वाट, तीच जायची आणि तीच यायची.

बाहेरची उदाहरणं हवी असतील तर तीही आहेत. हिमाचलात नैनादेवीला 3 ऑगस्ट 2008 रोजी दरड कोसळल्याची आवई उठली आणि डोंगराच्या वाटेवर दीडशेच्या आसपास माणसं चेंगरून मेली. शबरीमलाजवळ पुलमेडूला 14 जानेवारी 2011 च्या रात्री मकरज्योतीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या गर्दीत शंभराहून अधिक गेली. हरिद्वारच्या मनसादेवीला 27 जुलै 2025 रोजी पायऱ्यांच्या वाटेवर विजेचा करंट उतरल्याची अफवा पसरली आणि किमान आठ जण गेले. अफवा दर वेळी वेगळी असते. उतार, अरुंद वाट आणि बाजूला निघायला जागा नसणं, हे दर वेळी तेच असतं.

चेंगराचेंगरीत माणूस तुडवला जाऊन मरतो असं सगळ्यांना वाटतं. तसं थोडं होतं, पण बहुतेक जण उभ्या उभ्या मरतात. चारी बाजूंनी छाती दाबली जाते, श्वास आत घ्यायला फासळ्यांना फुगता येत नाही आणि काही मिनिटांत माणूस संपतो. अंगावर ओरखडाही नसतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की गर्दीतल्या माणसाला आपल्या पायांनी दिशा बदलता येत नाही, लाट नेईल तिकडे तो जातो. तिथे शिट्टी वाजवून, माइकवरून ‘शांतता राखा’ सांगून काही होत नाही. गर्दी तेवढी दाट होऊच द्यायची नाही, हा एकच उपाय. आणि त्यासाठी लागते ती दुसरी वाट. फुकटात मिळालेली, आपल्या पणज्यांनी बांधून ठेवलेली. तीच आपण मुरूम टाकून बुजवली.

रस्ता रुंद झाला म्हणजे गर्दीला जागा झाली, असं कुणी म्हणेल. यात्रेच्या दिवशी येऊन बघा. रुंद झालेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात. उरलेल्या पट्टीतून वर जाणारी जीप, खाली येणारा टेम्पो, डीजेची ट्रॉली, मोटारसायकलवर तिघे आणि त्यांच्या मधून चालणारी माणसं. पूर्वी चालणाऱ्याची वाट वेगळी होती. आता अनवाणी चालणारी बाई ट्रकच्या चाकाशेजारून चालते, आणि पायाखाली चैत्राच्या उन्हात तापलेलं डांबर. मागच्या यात्रेत माझ्या तंबूत तळपायाला फोड आलेले जेवढे आले तेवढे पूर्वी कधी आले नव्हते. दगडी पायरीला झाडाची सावली होती, डांबराला नाही.

एक प्रसंग सांगते, वाट बुजण्याआधीचा. देवळाच्या मागच्या कट्ट्यावर एका गृहस्थांच्या छातीत दुखायला लागलं. घाम, डावा हात जड, चेहरा राखेसारखा. 108 ला फोन केला, रुग्णवाहिका निघालीही वेळेवर. पण ती खालून तिसऱ्या वळणावर अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या. ड्रायव्हर फोनवर मला म्हणाला, ‘सिस्टर, मी जागचा हलू शकत नाही.’ मी ॲस्पिरिन चघळायला दिली आणि गावातल्या पोरांकडे बघितलं. पोरांनी तंबूचा बांबू उपसला, घोंगडं बांधून झोळी केली आणि चौघांनी आळीपाळीने खांदा देत त्यांना पायवाटेने खाली नेलं. मी मागे. टाक्याजवळ एकदाच थांबलो, नाडी बघितली, पुन्हा निघालो. खाली जीप उभी करून ठेवली होती. रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसलो असतो तर त्या वेळात आम्ही अर्ध्यातही पोचलो नसतो. ते गृहस्थ पुढच्या वर्षी पेढे घेऊन आले.

आज तसंच कुणाला झालं तर मी त्याला कुठल्या वाटेने खाली नेऊ? हा प्रश्न मी अर्जात विचारला होता. उत्तर द्यायला तज्ज्ञ समिती नेमायची गरज नाही.

आता बायकांचं. यात्रेच्या नियोजनाच्या कागदात ‘महिलांसाठी स्वतंत्र रांग’ असा शब्दप्रयोग हमखास असतो. रांग असते, बाकी काही नसतं. पायवाटेवर आडोसा तरी होता, ठरलेली ठिकाणं होती, बायकांना एकमेकींकडून ती माहीत होती. डांबरी रस्त्यावर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोर गाड्यांचे दिवे. चक्कर येऊन पडलेली एक तरुण पोर माझ्याकडे आणली. ओठ कोरडे, जीभ पांढरी, उपास होताच. मी विचारलं, ‘सकाळपासून पाणी का प्यायली नाहीस गं?’ ती म्हणाली, ‘पिऊन जायाचं कुठं, सिस्टर?’ अशा बायका मी मोजायच्या सोडून दिल्या. उन्हाळ्याच्या यात्रेत चक्कर येऊन पडणाऱ्यांत बायका जास्त असतात, त्याचं कारण भक्तीचा आवेश नाही. नीट दार लागणारी, पाणी असलेली, उजेड असलेली स्वच्छतागृहं वाटेवर नाहीत, हे कारण आहे. वर देवळामागे जी आहेत त्यांना यात्रेच्या दिवशी कुलूप असतं, ‘घाण होतात’ म्हणून. वापरल्याने घाण होतात, हे खरं आहे. वापरण्यासाठीच बांधली होती, हेही खरं.

वाटेवर बसणाऱ्या मावश्यांचं तर कुणी नावही घेत नाही. काकडी चिरून मीठ-तिखट लावून देणारी, मडक्यात ताक घेऊन बसणारी, ऊद-कापूर विकणारी. टाक्याशेजारच्या ताकवाल्या आजी म्हणजे माझी पहिली खबर होती. ‘खाली एक म्हातारा बसलाय, उठंना’ असा निरोप त्यांच्याकडूनच वर यायचा. आता त्यांना डांबरी रस्त्याकडेला बसू देत नाहीत, वाहतुकीला अडथळा होतो म्हणून. त्यांच्या जागी आता मोठ्या गाड्यांवर शीतपेयं मिळतात आणि रिकाम्या बाटल्या दरीत जातात.

पायऱ्यांच्या दुरुस्तीचंही एक सांगून टाकते. जिथे पायऱ्या राखल्या जातात तिथे ‘सुशोभीकरणा’त त्यांच्यावर गुळगुळीत फरशी बसते. फोटोत छान दिसते. श्रावणातल्या पावसात तिच्यावरून शेळीसुद्धा चालायची नाही. खडबडीत काळा दगड आपल्या जिल्ह्यात पैशाला पासरी पडला आहे, तो वापरा.

मी हे बोलले की एक उत्तर ठरलेलं येतं: ‘आता पायी येतंय कोण?’

येतंय. शिखर शिंगणापूरला या. माण तालुक्यात, शंभू महादेवाच्या चैत्री यात्रेत. वरपर्यंत पक्का रस्ता आहे, एसटी थेट जाते. तरी चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी रस्त्याने जात नाहीत, मुंगी घाटातून चढतात. उभा घाट, पाय ठेवायला दगडाची कपार, माणसांची साखळी आणि वर उचललेली पाण्याने भरलेली कावड. सासवडहून येणारी भुतोजी तेल्याची मानाची कावड घाटात आली की ‘म्हाद्या धाव’ अशी हाक उठते. ती देवाला एकेरीत दिलेली हाक एकदा ऐकली की विसरत नाही. त्या कावडीला सांगा ना, डांबरी रस्त्याने जावे म्हणून. तुमची हिंमत होणार नाही, आणि होऊही नये. मग जो न्याय मुंगी घाटाला, तोच लहान डोंगरांना का नाही? आमच्या देवाची कावड लहान आहे आणि तिच्यामागे कॅमेरे येत नाहीत, एवढाच फरक.

यंदा आमची पालखी टेम्पोतून वर गेली. पायवाटेचं फाटक बंद, आणि रस्त्याने खांद्यावरून न्यायची तर गाड्या थांबवाव्या लागल्या असत्या. भोई चालत मागून गेले, रिकाम्या खांद्यांनी. गुरवांनी देवाला टेम्पोच्या हौद्यात बसवलं, भोवती दोरी बांधली. मानकऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही, कारण बोलायचं कुणाशी हेच कुणाला माहीत नव्हतं. या पत्राला खरं निमित्त तेच झालं. डोंगरावरच्या देवाकडे जायचं तर चढण ही अडचण नसते, चढण हीच यात्रा असते. वाटेत चार ठिकाणी टेकायचं, अनोळखी माणसाला हात द्यायचा, म्हाताऱ्याची पिशवी घ्यायची, मग वर पोचून घामेजल्या अंगाने वाऱ्यात उभं राहायचं आणि मगच घंटेला हात लावायचा. गाडीतून उतरून थेट घंटेला हात लावणाऱ्याचीही भक्ती मी कमी मानत नाही. पण दुसऱ्याला चढू न देण्याचा हक्क कुणाचाच नाही.

श्रीमंत देवस्थानं हे आपल्याआधी शिकली. तिरुपती बालाजीच्या तिरुमला डोंगरावर पहिला घाटरस्ता 1944 साली झाला आणि दुसरा 1974 साली. आज एक चढायला आणि एक उतरायला आहे. एवढं होऊनही अलिपिरीची साडेतीन हजारांवर पायऱ्यांची वाट बंद केली नाही, उलट वर छप्पर घातलं, आणि श्रीवारी मेट्टूची दुसरी पायवाटही चालू आहे. वैष्णोदेवीला हेलिकॉप्टर आहे, बॅटरीवरच्या गाड्या आहेत, तरी 2018 साली ताराकोट मार्ग नावाची नवी वाट खुली केली, ती फक्त चालणाऱ्यांसाठी. त्यावर खेचरांना मनाई. म्हणजे ज्यांच्याकडे सगळं आहे ते नव्या पायवाटा बांधतात, आणि आपण बांधलेल्या बुजवतो. ‘आमच्याकडे तेवढा पैसा नाही’ हे मी ऐकून घेतलं असतं, पण यात्रेत स्वागताच्या कमानी आणि फ्लेक्स मोजा एकदा. रस्त्याच्या कठड्यावर नेत्यांचे चेहरे एवढे लागतात की दरी दिसत नाही.

कायद्याचंही थोडं. मांढरदेवच्या दुर्घटनेच्याच वर्षी, 2005 साली, आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करणं ही त्या प्राधिकरणाची जबाबदारी आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने 2014 साली गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शक पुस्तिका काढली, ती इंग्रजीत आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्याला, देवळाच्या पुजाऱ्याला, बंदोबस्ताच्या होमगार्डला समजेल अशा मराठीत तिची चार पानं करून द्यायला कुणाची परवानगी लागू नये.

आता मागण्या. त्या आमच्या डोंगराच्या आहेत आणि बाकीच्या डोंगरांनाही लागू आहेत.

पायवाटेवर टाकलेला मुरूम-दगड पावसाळ्याआधी काढावा. पावसात तो खाली सरकला तर पायथ्याच्या वस्तीवर जाईल, तेव्हा हे काम नुसतं यात्रेचंही नाही. काढताना जेसीबीने पायऱ्या उखडू नयेत, शेवटचा थर माणसांनी फावड्याने काढावा. गावातून माणसं आम्ही देऊ. टाकं साफ करून त्यावर जाळी बसवावी. पायऱ्या तुटल्या असतील तिथे त्याच जातीचा दगड लावावा, नावं कोरलेल्या पायऱ्या जागच्या जागी ठेवाव्यात.

फाटकाचं कुलूप काढावं. यात्रेच्या दिवसांत फाटक उघडंच राहील आणि किल्ली कुणाकडे आहे हे पाटीवर लिहिलेलं असेल, असं लेखी द्यावं. आणीबाणीत किल्लीवाला शोधत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.

यात्रेच्या मुख्य दिवशी एक वाट चढायची आणि दुसरी उतरायची ठरवावी. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर यायला नको. नारळ फोडायची जागा वाटेपासून लांब, वाहत्या पाण्याची सोय असलेली हवी. गॅस सिलिंडर वापरणारं एकही दुकान पायवाटेवर किंवा वळणावर नको. मावश्यांना मात्र हुसकावू नका. वाटेच्या रुंद जागी ओटे आखून द्या, पाठीमागे मोकळी जागा सोडून.

मुख्य दिवशी खासगी गाड्या पायथ्याशीच थांबवाव्यात. वर एसटीच्या लहान गाड्या सोडाव्यात आणि त्यात म्हातारी माणसं, अपंग, गरोदर बायका आणि लेकुरवाळ्या यांना आधी जागा द्यावी. रुग्णवाहिकेसाठी रस्त्याची एक बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. ‘व्हीआयपी’ गाड्यांनाही हाच नियम. मंत्र्यांच्या ताफ्यासाठी रस्ता मोकळा होतो हे आम्ही पाहिलं आहे, म्हणजे तो मोकळा करता येतो.

दोन्ही वाटांवर ठरावीक अंतराने पिण्याचं पाणी, सावली आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं. यात्रा संपेपर्यंत साफ करणारी माणसं नेमलेली आणि त्यांना रोजच्या रोज मजुरी दिलेली. हे सगळं तात्पुरतं केलं तरी चालेल, पण कुलूप नको.

यात्रेचा आराखडा एक महिना आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा, नकाशासकट. आणि यात्रा संपल्यावर किती जण जखमी झाले, किती बेशुद्ध झाले, रुग्णवाहिका कुठे आणि किती वेळ अडकली, याचा हिशेबही तिथेच लागावा. देणगीचा हिशेब लागतो, तसाच हाही.

आणखी एक, आणि हे सगळ्यात सोपं आहे. यात्रेआधीचा पाहणी दौरा चालत करावा. आजवर आमच्या डोंगरावर आलेली प्रत्येक पाहणी गाडीतून वर गेली, देवळात नारळ फुटला, फोटो झाला आणि गाडीतून खाली गेली. वाट बुजली हे त्यांना दिसणार कसं?

या पत्राची प्रत मी ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत आणि देवस्थानाच्या कार्यालयात देत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मुरूम कुणाच्या आदेशाने टाकला आणि वाट कुणाच्या सहीने बंद केली, हे माहितीच्या अधिकारात विचारीन. तो कायदाही 2005 सालचाच आहे. आंदोलन, रास्ता रोको यातलं काही करणार नाही. यात्रेच्या रस्त्यावर आणखी एक अडथळा आम्हाला नको आहे.

पाहणीला येणार असाल तर तारीख कळवा. सकाळी सातला पायथ्याशी भेटू, गाडी लावायला शाळेच्या मैदानात जागा आहे. बूट चालतील. पाण्याची बाटली आणा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर सकाळची घेऊन या. वाटेत कुणाला दम लागला तर सतरंजी माझ्याजवळ आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा